ड्राय हर्ब व्हेपोरायझर: वाफ कमी का येते, चव करपट का लागते आणि तापमान किती ठेवायचं?

जर्मनीत मार्च २०१७ पासून डॉक्टर गांजाची वाळलेली फुलं औषध म्हणून लिहून देऊ शकतात. जुनाट वेदना, मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे स्नायूंना येणारा ताठरपणा, केमोथेरपीनंतरची मळमळ अशा तक्रारींसाठी ती दिली जातात. कॅनडात तर १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा कायदेशीरपणे विकत घेता येतो. दोन्हीकडे डॉक्टर एक गोष्ट आवर्जून सांगतात: ओढायचाच असेल, तर जाळून ओढू नका. इथे ड्राय हर्ब व्हेपोरायझर कामाला येतो. खिशात मावणारं, बॅटरीवर चालणारं हे उपकरण वनस्पती न जाळता फक्त तापवतं.

मात्र काहीशे युरो किंवा डॉलर मोजून आणलेलं हे यंत्र अनेकांना पहिल्याच आठवड्यात फसवं वाटू लागतं. वाफ दिसत नाही, घसा खवखवतो, औषध लागू पडतंय की नाही कळत नाही. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, वापरण्याची पद्धत चुकलेली असते.

(भारतात हे उपकरण आणि त्यात घालायची वस्तू, दोन्ही कायद्याच्या कचाट्यात येतात. त्याविषयी शेवटी सविस्तर.)

जाळणं आणि तापवणं यात फरक काय?

गांजाच्या फुलावर राळेच्या अतिशय बारीक ग्रंथी असतात. टीएचसी आणि सीबीडी ही मुख्य द्रव्यं आणि वास देणारी तेलं त्या राळेत असतात. कच्च्या फुलात टीएचसी आम्लाच्या रूपात असतं, उष्णता मिळाली की त्याचं खऱ्या टीएचसीमध्ये रूपांतर होतं. सिगारेटच्या जळत्या टोकाशी तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. तिथे राळेसोबत पानाचा चोथाही जळतो आणि त्यातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड असा सगळा मालमसाला फुफ्फुसात जातो. व्हेपोरायझर साधारण १८० ते २१० अंशांच्या पट्ट्यात काम करतो. राळेतली द्रव्यं उडून जातील, पण चोथा पेटणार नाही, इतकीच ही उष्णता.

अमेरिकेत डोनाल्ड एब्रम्स यांच्या चमूने २००७ मध्ये १८ जणांवर केलेल्या अभ्यासात व्हेपोरायझर आणि सिगारेट या दोन्हींतून रक्तात जवळपास सारखंच टीएचसी पोचलं, कार्बन मोनॉक्साइड मात्र व्हेपोरायझरमध्ये खूपच कमी आढळला. म्हणून वाफ निरुपद्रवी ठरत नाही. धुरापेक्षा ती बरी, एवढंच यातून म्हणता येतं.

तापमानाचे तक्ते आणि त्यातली गफलत

इंटरनेटवर सापडणाऱ्या रंगीत तक्त्यांत टीएचसीचा उत्कलनबिंदू १५७ अंश लिहिलेला असतो. मग लोक यंत्र १६० वर ठेवतात आणि वाफ येत नाही म्हणून वैतागतात. हा आकडा प्रयोगशाळेत अत्यंत कमी दाबाखाली, जवळजवळ निर्वातात मोजलेला आहे. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या हवेत तो आकडा लागू होत नाही. शिवाय द्रव्य उडून जाण्यासाठी ते उकळावंच लागतं असंही नाही. दोरीवरचे कपडे वाळायला पाणी कुठे १०० अंशांवर जातं? तापमान, वेळ आणि वरून वाहणारी हवा या तिन्हींवर बाष्पीभवन ठरतं. त्यामुळे ‘या अंशाला हे द्रव्य, त्या अंशाला ते’ अशी काटेकोर वाटणी फारशी खरी नसते.

दुसरी अडचण अशी, की पडद्यावर दिसणारं तापमान बहुधा हीटरपाशी असलेल्या सेन्सरचं असतं, फुलांचं नाही. एका यंत्राचे १८५ म्हणजे दुसऱ्याचे १९५ असू शकतात. मित्राने सांगितलेला आकडा जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही.

व्यवहारात १८० अंशांपासून सुरुवात करावी. इथे चव चांगली लागते, वाफ पातळ असते. चव उतरू लागली की १९० ते १९५, आणि शेवटी हवं तर २०५ ते २१०. एकदम २१० वर गेलात, तर वाफ दाट दिसते, पण घसा सोलवटतो आणि सगळा ऐवज चार झुरक्यांत संपतो. २३० च्या पुढे चोथा करपू लागतो, मग व्हेपोरायझर घेण्याचं कारणच उरत नाही.

यंत्राने ‘तयार’ची खूण दिली तरी लगेच ओढू नका. हीटर तापला, म्हणजे मधली फुलं तापली असं नाही. अर्धा-पाऊण मिनिट थांबलात, तर पहिला झुरका वाया जात नाही.

तुमचं यंत्र तवा आहे की भट्टी?

इथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात. काही यंत्रांत, उदाहरणार्थ पॅक्समध्ये, फुलं तापलेल्या कप्प्याच्या भिंतींना टेकून गरम होतात. याला तव्यावर रवा भाजण्यासारखं समजा. कडेचा रवा आधी तांबूस होतो, मधला पांढरा राहतो, म्हणून ढवळावं लागतं. अशा यंत्रात फुलं थोडी बारीक करून, कप्पा पूर्ण भरून, बोटाने हलकी दाबून बसवावीत. अर्धवट भरलेल्या कप्प्यात फुलं आणि भिंत यांच्यामध्ये हवा राहते आणि उष्णता पोचत नाही. निम्म्यावर आल्यावर एकदा काडीने ढवळून घ्या, फरक लगेच कळेल.

दुसऱ्या प्रकारात गरम हवा फुलांमधून वाहते. इथे दाबून भरणं ही चूकच. फिल्टर कॉफीची पूड फार बारीक दळली, तर पाणी वरच तुंबतं, तसंच इथे हवेचं होतं. जाडसर तुकडे, सैल भरणी आणि हवेला वाट हवी. जर्मनीच्या टुटलिंगेन गावातल्या स्टोर्झ अँड बिकेल कंपनीचं ‘माइटी’ हे दोन्ही पद्धती एकत्र वापरतं, त्यामुळे मध्यम जाडीची, न दाबलेली भरणी त्याला मानवते. शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी नावाजलेल्या या गावातल्या कंपनीने २००० मध्ये ‘व्होल्केनो’ हे टेबलावर ठेवायचं यंत्र बाजारात आणलं होतं. पुढच्या बऱ्याच संशोधनात तेच यंत्र वापरलं गेलं. त्याच्या माहितीपुस्तिकेत निलगिरीसाठी १३०, तर कॅमोमाइलच्या फुलांसाठी १९० अंश सुचवलेले आहेत. प्रत्येक वनस्पतीची तेलं वेगळी, म्हणून आकडाही वेगळा.

भरणीची मजेशीर परीक्षा वापर झाल्यावर करता येते. उरलेला चोथा कागदावर ओता. सगळा सारखा कॉफीच्या रंगाचा असेल तर उत्तम. कडेला काळा, मध्ये हिरवा असेल तर ढवळणं किंवा भरणी चुकली. सगळाच काळा आणि राखेसारखा असेल तर तापमान जास्त झालं.

फुलांचा ओलावाही बघायला हवा. ओली फुलं तापवताना उष्णता आधी पाणी उडवण्यात खर्च होते आणि पहिले झुरके नुसत्या पाण्याच्या, घसा चटका देणाऱ्या वाफेचे येतात. फार वाळलेली फुलं भुगा होऊन जाळीत अडकतात. बोटांत दाबल्यावर चुरचुरत तुटावीत, पण पीठ होऊ नये.

ओढायचं कसं?

सिगारेटची सवय असलेले जोरात ओढतात. तसं केलं तर थंड हवा आत धावते आणि कप्प्याचं तापमान उतरतं, हीटर मागे पडतो. गरम चहाचा फुरका मारतो तसा नाही, तर दाट मिल्कशेक नळीने ओढतो तसा, सावकाश, आठ-दहा सेकंदांचा झुरका हवा. एक-दोन सेकंद थांबून श्वास सोडा. दम कोंडून धरल्याने परिणाम वाढतो ही जुनी समजूत धूम्रपानावरच्या प्रयोगांत टिकलेली नाही.

वाफ दिसत नाही म्हणजे औषध येत नाही, असंही नाही. नेदरलँड्समधल्या लायडन इथे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्होल्केनोने फुलांतलं सरासरी ५४ टक्के टीएचसी वाफेत उतरवलं. आत घेतलेल्या टीएचसीपैकी सुमारे ३५ टक्के श्वासासोबत परत बाहेर गेलं. मोठे ढग काढण्याच्या नादात बराच ऐवज हवेतच जातो.

नवख्यांनी इथे खास जपावं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या २०१८ च्या अभ्यासात क्वचित गांजा घेणाऱ्या १७ जणांना तेवढ्याच मात्रेत सिगारेट आणि व्हेपोरायझर दोन्ही दिले गेले. व्हेपोरायझरमधून रक्तात टीएचसी जास्त पोचलं आणि गुंगी, घबराट, चुका यांचं प्रमाणही वाढलं. म्हणजे सिगारेटचा अंदाज इथे लावला, तर मात्रा जास्त होईल. एक-दोन झुरके घ्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच पुढचं ठरवा. त्या दिवशी गाडी चालवू नका. जर्मनीत ऑगस्ट २०२४ पासून चालकांसाठी रक्तद्रवात टीएचसीची मर्यादा प्रति मिलिलिटर ३.५ नॅनोग्रॅम आहे. गरोदर स्त्रिया, किशोरवयीन मुलं आणि घरात सायकोसिसचा इतिहास असलेले यांनी यापासून लांबच राहावं.

साफसफाई, बॅटरी आणि उरलेला चोथा

जुनं झालेलं यंत्र ‘पूर्वीसारखं चालत नाही’ असं वाटतं, तेव्हा दहापैकी नऊदा जाळी तुंबलेली असते. कप्पा कोमट असतानाच ब्रशने झटकला, तर राळ घट्ट बसत नाही. काच आणि धातूचे सुटे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवावेत, प्लॅस्टिकचे नुसते पुसावेत. अल्कोहोल पूर्ण उडाल्याशिवाय यंत्र चालू करू नका, ते ज्वलनशील आहे. बॅटरी असलेला मुख्य भाग कधीही भिजवायचा नाही.

लिथियम बॅटरीला थंडी सोसत नाही. टोरोंटोच्या उणे १५ अंशांत बाल्कनीत उभं राहून वापरलं, तर चार्ज निम्म्यावर असतानाही यंत्र बंद पडू शकतं. आतल्या खिशात उबेत ठेवा.

वापरून उरलेल्या चोथ्यात टीएचसी शिल्लक असतं, आणि ते उष्णतेने तयार झालेलं असल्यामुळे पोटात गेल्यावरही चढतं. डब्यात ठेवलेला तपकिरी भुगा मुलांना किंवा कुत्र्याला खाण्याचा पदार्थ वाटू शकतो. तो कुलूपबंद ठेवा किंवा टाकून द्या.

सुट्टीला घरी येताना

इथे गंभीर प्रसंग ओढवू शकतो. भारताच्या २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यातली व्याख्या फक्त निकोटिनपुरती नाही. निकोटिन असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्यासाठी वाफ तयार करणारी इलेक्ट्रॉनिक साधनं तिच्यात येतात. अशा साधनाची आयात केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गांजा १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतो, आणि जाळीत चिकटलेली राळही गांजाचाच अंश असते. गोव्याला उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यालाही हेच लागू आहे.

कॅनडातून निघतानाच गांजा देशाबाहेर नेणं हा तिथल्या कायद्यानेही गुन्हा आहे, वैद्यकीय परवाना असला तरीही. जर्मन डॉक्टरांची चिठ्ठी मुंबई विमानतळावर गांजा बाळगण्याचा परवाना ठरत नाही. उपचार सुरू असतील, तर प्रवासाच्या काही आठवडे आधी डॉक्टरांशी बोलून भारतात चालेल असं दुसरं औषध ठरवून घ्यावं लागतं.