एकशे पंचावन्न

गेवराई तालुक्यातल्या उमापूरच्या एका सेवा केंद्रात सातबारा छापायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवतात, असं कानावर आलं म्हणून गेलो.

संगणकासमोरची मुलगी गट नंबर टाकते, आधी सही नसलेला फुकटचा उतारा उघडते आणि वाचू लागते. नाव, क्षेत्र, आकार, बोजा. समोर शेजारच्या गावचे एक म्हातारे शेतकरी कान देऊन बसलेले.

"शून्य हेक्टर बारा आर."

"एक हेक्टर वीस हाय, पोरी." त्यांनी पिशवीतून जुना हस्तलिखित उतारा काढला. शाईत स्वच्छ लिहिलेलं: १.२०.

"मग एकशे पंचावन्न करावं लागंल, मामा."

त्या दुपारी हा आकडा सारखा कानावर पडत राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५५, लेखनातल्या चुकीची दुरुस्ती. गेवराईच्या तहसीलमध्ये अर्ज, तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्यांचा अभिप्राय, नोटिसा, तहसीलदारांचा आदेश, मग ई-फेरफारमध्ये नोंद, तीही प्रमाणित व्हायची. सरकलेल्या एका दशांश चिन्हापायी एवढं सगळं. तोवर बँक पीककर्ज मोजणार बारा आरावर.

ही चूक २०१७ साली सापडायला हवी होती. त्या वर्षी राज्यभर चावडीवाचन झालं. संगणकातला सातबारा गावासमोर वाचायचा, हस्तलिखिताशी ताडायचा, चुका एडिट आणि री-एडिट मॉड्यूलमध्ये दुरुस्त करायच्या, अशी ती रीत. काम पूर्ण झाल्याचं घोषणापत्र गेलं की तो रस्ता बंद. पुढं एकशे पंचावन्न.

"वाचलं म्हणत्यात," मामा म्हणाले. "मला न्हाई कुणी बलावलं."

उशिरा सापडलेली चूक महाग पडतेच. मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आखणीच्या वेळी निसटलेली चूक वापरात आल्यावर काढायला शंभर पटींपर्यंत खर्च येतो, असं संगणकतज्ज्ञ बॅरी बोहम यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं. पण त्या हिशेबात खर्च सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या माथी असतो. इथं आकडा भरला दुसऱ्यानं. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज मात्र मामांचा. हा सरळ अन्याय आहे. चूक सरकारी नोंदीतली असेल तर दुरुस्तीसाठी नोंद ठेवणाऱ्यानंच शेतकऱ्याच्या दारी यावं.

ते होईल तेव्हा होवो. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उतारा पाहायला पैसा लागत नाही. आजच उघडा, घरातला जुना उतारा शेजारी ठेवा आणि क्षेत्राचा रकाना मोठ्यानं वाचा.