जुन्या रायफलीचें रास्त मोल

‘परीक्षा’ या शब्दाची फोड केली म्हणजे ‘सर्व बाजूंनीं पाहणें’ असा अर्थ निघतो. सैन्यानें विक्रीस काढलेली जुनी रायफल घेणाऱ्या अमेरिकन गृहस्थानें हा अर्थ ध्यानांत ठेवावा.

स्प्रिंगफील्ड येथील सरकारी कारखान्यांत १९०३ च्या नमुन्याच्या रायफली होत असत. प्रारंभीं भट्टींतील पोलाद किती तापलें, हें अनुभवी कारागीर नुसत्या रंगावरून ठरवीत. लख्ख उन्हांत तो रंग फिका भासे. मग पोलाद प्रमाणाबाहेर तापून ठिसूळ होई. १९१७ सालीं कांहीं रायफली झाडतांना फुटल्या, तेव्हां चौकशी झाली आणि १९१८ मध्यें पोलादास पाणी देण्याची पद्धत सुधारली. म्हणून या कारखान्याची सुमारें आठ लक्षांच्या आंतील अनुक्रमांकाची रायफल कितीही देखणी असली, तरी ती झाडूं नये, असें जाणकार बजावतात.

तिला संग्रहाचें मोल आहे, नेमबाजीचें नाहीं. नेमबाजानें अनुक्रमांक वाचावा, नळीची झीज मापकानें मोजावी, मग दाम ठरवावा. संग्राहकानें सुटे भाग मूळचे कीं मागाहून बसविलेले, हें पाहावें. विक्रेत्याच्या युद्धकथेस कागदपत्रांचा आधार नसेल, तर तिच्याकरितां एक पैही अधिक देऊं नये.

विक्रेत्यासही धर्म आहे. दोष ठाऊक असून जो मौन धरतो, तो दुसऱ्याच्या डोळ्यांची किंमत आपल्या गल्ल्यांत टाकतो. केवळ नजरेवर विसंबून कारखाना चुकला. ग्राहकानें तीच चूक पैसे मोजून करूं नये.