छत्रपती संभाजीनगरमधील पक्षनिष्ठा आणि राजकीय भ्रमनिरास

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या मराठवाड्यातील सर्वांत मोठ्या शहराच्या राजकारणात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पक्षनिष्ठेला विशेष महत्त्व आले. ही निष्ठा प्रामुख्याने शहराचे नाव, धर्म आणि ऐतिहासिक प्रतीके यांभोवती बांधली गेली. पाणी, कचरा आणि रस्ते हे रोजचे प्रश्न तिच्या परिघाबाहेर राहिले. त्यामुळे येथील राजकीय भ्रमनिरासाचे रूप काहीसे वेगळे आहे. मतदार मतदानाकडे पाठ फिरवत नाहीत. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत सुमारे ६३ टक्के मतदान झाले. मत ओळखीसाठी द्यायचे आणि सोयींची अपेक्षा पक्षांकडून ठेवायची नाही, अशी विभागणी मात्र हळूहळू रूढ झालेली दिसते.

संज्ञा

एखाद्या पक्षाशी मतदाराचे असलेले दीर्घकालीन भावनिक नाते म्हणजे पक्षनिष्ठा. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या 'द अमेरिकन व्होटर' या ग्रंथाने हे नाते मतदानाच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले. आपल्या पक्षाविषयीच्या प्रेमापेक्षा विरोधी पक्षाच्या भीतीतून किंवा द्वेषातून टिकणाऱ्या निष्ठेला नकारात्मक पक्षनिष्ठा म्हणतात. या शहराच्या संदर्भात ही दुसरी संज्ञा अधिक उपयोगी पडते.

भ्रमनिरास आणि उदासीनता यांत फरक आहे. उदासीन माणसाची मुळात काही अपेक्षा नसते. भ्रमनिरास झालेल्याची अपेक्षा असते आणि ती मोडलेली असते. मराठी राजकीय बोलीत या अनुभवासाठी स्वतंत्र शब्दसंग्रहच तयार झाला आहे. पक्षासाठी वर्षानुवर्षे झटणारा तो 'निष्ठावंत', ऐनवेळी बाहेरून येऊन उमेदवारी मिळवणारा तो 'उपरा' आणि पक्ष सोडणारा तो 'गद्दार'.

पार्श्वभूमी

हा मतदारसंघ पूर्वीपासूनच एका पक्षाचा बालेकिल्ला होता, हा समज चुकीचा आहे. १९५७ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ येथून लोकसभेवर गेले. १९७७ मध्ये जनता लाटेत समाजवादी नेते बापू काळदाते आणि १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे काझी सलीम निवडून आले. १९८४ मध्ये देशभर राजीव गांधी यांच्या बाजूने लाट असताना येथे शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील समाजवादी काँग्रेसचे साहेबराव डोणगावकर विजयी झाले. सात वर्षांत तीन वेगवेगळ्या पक्षांना संधी देणारा हा मतदार होता.

शिवसेनेने ८ जून १९८५ रोजी शहरात शाखा स्थापन केली. मुंबईबाहेर पाय रोवण्याच्या पक्षाच्या प्रयत्नांत या शहराला लवकरच महत्त्वाचे स्थान मिळाले. महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली होती, परंतु तिची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९८८ मध्ये झाली. ६० पैकी २७ जागा जिंकून शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली. तरीही महापौरपद इतरांच्या पाठिंब्यावर काँग्रेसचे डॉ. शांताराम काळे यांच्याकडे गेले. पुढे १९८९ आणि १९९१ मध्ये मोरेश्वर सावे, १९९६ मध्ये प्रदीप जैस्वाल आणि १९९९ पासून सलग चार वेळा चंद्रकांत खैरे हे शिवसेनेचे उमेदवार लोकसभेवर निवडून गेले. मधला अपवाद १९९८ चा. त्या वर्षी काँग्रेसचे रामकृष्ण बाबा पाटील विजयी झाले.

शहराच्या नावाचा प्रश्न

८ मे १९८८ रोजी मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावरील सभेत बाळासाहेब ठाकरे यांनी शहराचे नाव 'संभाजीनगर' असल्याचे जाहीर केले. शासकीय कागदावर ते यायला ३५ वर्षे लागली. जून १९९५ मध्ये महापालिकेने नामांतराचा ठराव केला आणि त्याच वर्षी मनोहर जोशी यांच्या सरकारने अधिसूचना काढली. त्यावर न्यायालयात आव्हान दिले गेले. पुढे काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या सरकारने २००१ मध्ये ही अधिसूचना मागे घेतली.

प्रलंबित राहिलेला प्रश्न पक्षबांधणीसाठी सुटलेल्या प्रश्नापेक्षा अधिक उपयोगी असतो, हे नामांतराच्या इतिहासावरून लक्षात येते. प्रत्येक निवडणुकीत तो नव्याने मांडता आला. शिवसेनेच्या प्रचारातील 'खान की बाण' ही घोषणा या राजकारणाचे सार होती. समोरच्याला रोखण्यासाठी धनुष्यबाणाला मत द्या, एवढाच तिचा आशय. उमेदवाराने पाच वर्षांत काय केले, हा प्रश्न त्यात उद्भवतच नाही. दुसऱ्या बाजूला मुस्लिम मतदारही प्रामुख्याने शिवसेनेचा पराभव करू शकेल अशा उमेदवारामागे उभे राहत. काँग्रेसला त्याचा लाभ मिळाला, पण बदल्यात विशेष काही द्यावे लागले नाही. २०१४ मध्ये ऑल इंडिया मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन (एमआयएम) या पक्षाचे इम्तियाज जलील औरंगाबाद मध्य मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले आणि पुढच्या वर्षी महापालिकेत हा पक्ष २५ जागांसह दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. त्यामागे काँग्रेसविषयीचा हाच भ्रमनिरास होता.

नामांतराचा शेवटचा टप्पा विलक्षण घाईत पार पडला. शिवसेनेतील बंडानंतर सरकार कोसळण्याच्या मार्गावर असताना २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने 'संभाजीनगर' हे नाव मंजूर केले आणि त्याच रात्री ठाकरे यांनी राजीनामा दिला. काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस हे पक्ष त्या मंत्रिमंडळात सहभागी होते. काँग्रेसच्या स्थानिक मुस्लिम पदाधिकाऱ्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. १६ जुलै रोजी एकनाथ शिंदे यांच्या सरकारने 'छत्रपती संभाजीनगर' असा नवा निर्णय घेतला. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यास संमती दिली आणि नामांतराविरोधातील याचिका २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळल्या.

पाणी आणि कचरा

शहराला पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून पाणी येते. जवळच नाथसागरासारखा विशाल जलाशय असूनही नळाला चार-पाच दिवसांआड आणि काही वसाहतींत आठवड्याहून अधिक अंतराने पाणी, अशी परिस्थिती अनेक वर्षे राहिली. शहर वाढले, गुंठेवारी वसाहती पसरल्या, पण मुख्य जलवाहिन्या १९७० आणि १९९० च्या दशकांतल्याच होत्या.

यावर उपाय म्हणून ७९२ कोटी रुपयांची 'समांतर' जलवाहिनी योजना खासगी भागीदारीतून आखण्यात आली. तत्कालीन खासदार खैरे हे या योजनेचे प्रमुख पुरस्कर्ते मानले जात. सप्टेंबर २०१४ मध्ये पाणीपुरवठ्याचा कारभार खासगी कंपनीकडे गेला. नागरिकांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. जलवाहिनी झालीच नाही. राज्यात देवेंद्र फडणवीस यांचे सरकार असताना २०१९ मध्ये १,६८० कोटी रुपयांची नवी योजना मंजूर झाली. तिचे भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते झाले आणि पुढे खर्च सुमारे २,७४० कोटींपर्यंत गेला. योजनेच्या श्रेयावर दोन्ही पक्षांनी हक्क सांगितला, विलंबाची जबाबदारी मात्र प्रत्येकाने दुसऱ्यावर टाकली.

२०२२ चा उन्हाळा या दृष्टीने लक्षणीय ठरला. पाणी देता येत नसल्याने वार्षिक नळपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ रुपयांवर आणण्याचा निर्णय झाला. सेवा मिळत नाही, ही एका अर्थाने अधिकृत कबुलीच होती. २३ मे रोजी फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जनता पक्षाने पैठण गेटपासून महापालिकेवर 'जल आक्रोश मोर्चा' काढला. हाच पक्ष महापालिकेत दीर्घकाळ शिवसेनेबरोबर सत्तेत होता. ८ जून रोजी ठाकरे यांनी सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर सभा घेऊन उत्तर दिले. दोन्ही कार्यक्रमांना मोठी गर्दी झाली.

कचऱ्याचा प्रश्न याहून तीव्रतेने उभा राहिला. नारेगाव येथे अनेक दशके कचरा टाकला जात होता. १६ फेब्रुवारी २०१८ पासून ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरातील रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचू लागले. पर्यायी जागा शोधताना ७ मार्च रोजी मिटमिटा येथे ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात हिंसक संघर्ष झाला. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले, महापालिका आयुक्तांची बदली झाली. त्या वेळी शिवसेना आणि भाजप महापालिका, राज्य आणि केंद्र अशा तिन्ही ठिकाणी एकत्र सत्तेत होते. वरचे सरकार विरोधी पक्षाचे असल्याने काम अडले, हे नेहमीचे कारण या वेळी उपलब्ध नव्हते.

पाणी आणि कचरा या दोन्ही बाबतींत नागरिकांनी पक्षांऐवजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा मार्ग धरला. नव्या पाणीयोजनेच्या कामावर खंडपीठाने सातत्याने देखरेख ठेवली. जलवाहिनीचे किती काम झाले, याचा हिशेब नगरसेवकाऐवजी न्यायालयात मागितला जाऊ लागला.

२०१९ ची लोकसभा निवडणूक

भ्रमनिरासाचा मतपेटीतील सर्वांत ठळक परिणाम २०१९ मध्ये दिसला. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर आमदारकीचा राजीनामा दिलेले हर्षवर्धन जाधव 'ट्रॅक्टर' चिन्हावर अपक्ष उभे राहिले. यापूर्वी ते मनसे आणि शिवसेना या दोन पक्षांकडून आमदार झाले होते. वंचित बहुजन आघाडीबरोबर युती केलेल्या एमआयएमचे इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२, खैरे यांना ३,८४,५५० आणि जाधव यांना २,८३,७९८ मते मिळाली. खैरे ४,४९२ मतांनी पराभूत झाले. काँग्रेसचा उमेदवार एक लाखाच्याही खाली राहिला. दोनच पर्याय असल्याचे सांगणारी घोषणा तिसरा पर्याय समोर येताच निष्प्रभ ठरली. जलील यांच्या विजयात मुस्लिम आणि दलित मतांच्या एकत्र येण्याचा वाटा होता. ती युती मात्र काही महिन्यांतच, विधानसभा निवडणुकीपूर्वी मोडली.

शिवसेनेतील फूट

ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील नऊपैकी सहा जागा शिवसेनेने जिंकल्या. जून २०२२ मध्ये या सहापैकी पाच आमदार शिंदे यांच्याबरोबर गेले: संदिपान भुमरे, अब्दुल सत्तार, संजय शिरसाट, प्रदीप जैस्वाल आणि रमेश बोरनारे. केवळ कन्नडचे उदयसिंह राजपूत ठाकरे यांच्याकडे राहिले. 'पन्नास खोके' ही घोषणा राज्यभर गाजली, परंतु ज्या जिल्ह्यातून एवढे आमदार गेले तेथे तिचा अर्थ अधिक व्यक्तिगत होता. शाखांमध्ये एकत्र वाढलेले कार्यकर्ते समोरासमोर आले.

फुटीमुळे पक्षांतरबंदी कायद्याच्या मर्यादाही उघड झाल्या. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची समाविष्ट झाली. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीची सवलत काढून टाकली. तरीही निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले, आणि १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही गटांतील एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्याचा १९८६ चा स्वतंत्र अनर्हता कायदा आहे. निवडणुकीनंतर विभागीय आयुक्तांकडे गट आणि आघाड्यांची नोंदणी होत असल्याने अपक्षांना सत्तेच्या बाजूला जाण्याचा मार्ग त्यात खुला राहतो.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत खैरे 'मशाल' चिन्हावर आणि भुमरे धनुष्यबाणावर उभे राहिले. ज्या चिन्हाच्या नावाने खैरे यांनी चार निवडणुका जिंकल्या, ते आता त्यांच्या विरोधात होते. भुमरे यांनी जलील यांचा १,३४,६५० मतांनी पराभव केला आणि खैरे तिसऱ्या क्रमांकावर गेले. निष्ठा व्यक्तीशी होती, पक्षाशी होती की चिन्हाशी, याचे एक उत्तर या निकालात सापडते. अर्थात भुमरे यांच्यामागे भाजपची यंत्रणाही उभी होती, त्यामुळे ते उत्तर पूर्ण मानता येत नाही.

प्रशासकांचा काळ आणि त्यानंतर

२०१५ मध्ये निवडून आलेल्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. कोविड साथ, प्रभागरचनेवरील वाद आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन प्रश्न यांमुळे निवडणूक लांबत गेली. जवळपास सहा वर्षे शहराचा कारभार प्रशासकांनी पाहिला. या काळात वॉर्डातील पाणी, ड्रेनेज किंवा पथदिव्यांची तक्रार घेऊन जाण्यासाठी नगरसेवक नव्हता. ज्यांना पक्षाच्या कार्यालयाशिवाय महापालिकेत दाद मिळत नसे, अशा गुंठेवारी वसाहतींतील रहिवाशांना ही उणीव अधिक जाणवली. निवडणुका घ्याव्यात म्हणून कोणत्याही प्रमुख पक्षाने शहरात दीर्घ जनआंदोलन उभे केले नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले.

राज्याच्या सत्तेत एकत्र असलेले भाजप आणि शिंदे यांची शिवसेना येथे परस्परांविरुद्ध लढले. उमेदवारी वाटपावरून निष्ठावंत आणि उपरे हा वाद पुन्हा उफाळला. एमआयएमही त्यातून सुटला नाही. ११५ सदस्यांच्या सभागृहात भाजप पहिल्या आणि एमआयएम दुसऱ्या क्रमांकावर आला. जिच्या उदयापासून या शहराचे आधुनिक राजकारण सुरू झाले, त्या शिवसेनेचे दोन्ही गट मागे पडले. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घेण्याची तरतूद आहे, मात्र येथील नाराज मतदारांनी या पर्यायापेक्षा दुसऱ्या पक्षाची वाट धरणेच पसंत केले.