व्यवसायकराची पन्नाशी

महाराष्ट्रात व्यवसायकर लागू झाला तो १ एप्रिल १९७५ रोजी. त्यास पन्नास वर्षे उलटली, तरी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणाऱ्या आम्हां पेन्शनरांपैकी कोणासही त्याचे स्मरण झाले नाही. आणि ज्यांच्या पगारातून दरमहा दोनशे व फेब्रुवारीत तीनशे रुपये आजही वजा होतात, त्या तरुण मंडळींस हा पैसा मुळात दुष्काळी मुलखातील रोजगार हमीसाठी उभारला गेला याची गंधवार्ताही नाही.

त्यापूर्वीची, धरणांच्या कोनशिलांची वर्षे मी सोडून देतो. त्यांची बखर लिहिणारे पुष्कळ आहेत. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापुरास केलेल्या रोजगार हमीच्या प्रयोगाचा अर्थ आम्हांस उमगला तो बहात्तरच्या दुष्काळात. मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ पन्नास लक्ष माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत व माती वाहत होती. इकडे आम्ही रेशनच्या लाल मिलो ज्वारीसाठी रांगा लावीत होतो, आणि मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या मागोमाग मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. एकाच टंचाईची ही दोन टोके आहेत, हे त्या काळी मुंबईकरास समजावून सांगावे लागत नसे.

पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि काम मागणे हा हक्क ठरला. शहराने कर द्यावा, शासनाने तितकीच भर घालावी, असा तो करार होता. ‘आमच्या पैशाने खड्डे खणतात’ असे माझ्या कचेरीतील विद्वान तेव्हा म्हणत. मस्टरवर खोटी नावे चढत, हे मलाही मान्य. परंतु पाझर तलावास कालवा नसतो, त्याचे पाणी मुरून खालच्या अंगाच्या विहिरींत उतरते, एवढे जाणून घेण्याची तसदी त्यांपैकी एकानेही घेतली नाही.

त्या दशकाचा खरा ऐवज मात्र पुरंदर तालुक्यातील नायगावास होता. विलासराव साळुंखे या पुण्याच्या कारखानदार अभियंत्याने १९७४ पासून तेथे पाणी पंचायतीचा जो पाया घातला, त्यात पाण्याचा हिस्सा जमिनीवर नव्हे, माणशी ठरे: माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनासही हिस्सा, आणि ऊस वर्ज्य. सातबाऱ्यावर नाव नसलेला एक वृद्ध, धोतराचा सोगा खांद्यावर टाकून, आपल्या वाट्याच्या पाण्याविषयी वतनदाराच्या थाटात बोलत असलेला मी तेथे पाहिला. तसा थाट नंतर कोणत्याही योजनेच्या लाभार्थ्यात मला आढळला नाही.

नंतरच्या काळाविषयी काय लिहावे? २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा आमच्या कट्ट्यावर हळहळ झाली ती टंचाईपायी उच्च न्यायालयाच्या हुकुमाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर गेल्याची. राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल फारसे वाढले नाही, असा शेरा महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये मारला. बांध, चर, खोलीकरण यांवर खर्च करण्यास सर्व राज्यकर्ते तयार असतात. साळुंख्यांची उसाची अट दुष्काळी तालुक्यांत सक्तीने अमलात आणण्याची छाती मात्र एकाचीही झाली नाही, आणि साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांवर कोण बसत आले हे ज्यास ठाऊक आहे, त्यास याचे नवल वाटणार नाही.