इमारतीच्या पोटात – लेखांक 6 : आगीच्या वाटा

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 च्या रात्री आग लागली ती चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रिजला. अग्निशमन दलाला पहिला फोन गेला 12 वाजून 54 मिनिटांनी. दीडच्या आत ज्वाळा 24 मजली इमारतीच्या माथ्याला भिडल्या होत्या. 72 माणसं गेली.

इमारत 1974 सालची, काँक्रीटची. काँक्रीट पेटत नाही. पेटलं ते तिच्या अंगावर 2016 मध्ये चढवून झालेलं नवंकोरं आवरण : ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन, म्हणजे ज्याच्या पिशव्या होतात तेच. आवरण आणि भिंत यांच्यातल्या पोकळीत आग अडवायला पट्ट्या बसवायच्या असतात; त्यांतल्या अनेक धड बसवलेल्याच नव्हत्या. पुढे डिसेंबर 2018 मध्ये इंग्लंडने 18 मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्याला बंदी घातली.

मुंबई-पुण्याच्या टॉवरमध्ये आगीची आणखी एक वाट असते आणि ती आपल्या रोज नजरेला पडते. लिफ्टशेजारचं ते अरुंद दार. आत विजेच्या केबल तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सरळ चढत गेलेल्या. ही डक्ट मधे कुठे बंद केलेली नसेल, तर ती जुन्या वाड्यातल्या धुराड्यासारखी वागते : खाली ठिणगी पडली की गरम हवा वर धावते, खालून ताजी हवा ओढून घेते, आणि केबलचं प्लास्टिक जळून झालेला विषारी धूर सातव्या मजल्याआधी सतराव्यावर साचतो. म्हणून 2016 ची राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते, की प्रत्येक मजल्यावर डक्ट अग्निरोधक मालाने बुजवा. स्लॅब आगीपुढे जितका वेळ टिकेल, तितकाच हा बूचही टिकला पाहिजे.

बुजवायचं कशानं, यात खरी कारागिरी आहे. लोखंडी पाइप स्लॅबमधून जात असेल तर भोवतीची फट भरली की झालं. प्लास्टिकचा पाइप मात्र आगीत वितळून जातो आणि त्याच्या जागी गोल भोक उरतं. त्यावर तोड म्हणजे पाइपभोवती बसवायची कॉलर. तिच्यातला पदार्थ तापला की फुगतो, मऊ पडलेल्या पाइपाला चिरडतो आणि भोक स्वतःच बंद करतो. शेवयांच्या खिरीतल्या बेदाण्यासारखा, फक्त कित्येक पट.

जिन्याचं दार हा याच बंदोबस्ताचा भाग. ते आपोआप मिटायला हवं, कारण पंख्यांनी जिन्यात हवेचा दाब वाढवून धूर बाहेर ठेवायची योजना उघड्या दारापुढे लुळी पडते. आणि आपण काय करतो? हवा यावी म्हणून त्याला कुंडी लावतो. कुंडी नसेल तर वीट.

महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा ‘बी फॉर्म’ घ्यावा लागतो. पंप चालतो, होजमध्ये पाणी येतं, हे लगेच दाखवता येतं. डक्टचं दार उघडून, टॉर्च मारून प्रत्येक मजल्याचा बूच पाहायचा तर अख्खी सकाळ जाते. शिवाय बिल्डरने ताबा देताना सगळं चोख भरलेलं असलं, तरी पुढच्याच महिन्यात इंटरनेटची केबल ओढणारा मुलगा ड्रिल घेऊन येतो. केबल घालून निघून जातो. भोक तसंच राहतं, अंगठ्याएवढं, प्रत्येक मजल्यावर एक.