संदेशविग्रह, कारखाना-वर्ग आणि आदेशकल्पना

वडाळा रोड हे हार्बर मार्गावरील फाट्याचे स्थानक होय. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघालेल्या गाड्या येथवर एकाच वाटेने येतात. पुढे काही माहीम-वांद्र्यावरून गोरेगावकडे, तर काही कुर्ला-मानखुर्दवरून पनवेलकडे वळतात. कोणत्या फाट्याला लागावयाचे हे मोटरमन ठरवीत नाही. गाडीची वर्दी पाहून सांधा अगोदरच लावलेला असतो. संगणकाच्या आज्ञावलीत नेमके हेच काम ज्या घटकाकडे सोपविलेले असते, त्यास कारखाना-वर्ग अशी संज्ञा आहे.

येथे ‘वर्ग’ म्हणजे एकाच घडणीच्या वस्तूंचा साचा, आणि ‘विग्रहक’ म्हणजे आलेल्या संदेशाचे घटक सुटे करून त्यांचा अर्थ लावणारी वस्तू. अभियंते तिला पार्सर म्हणतात. ‘कारखाना’ या शब्दाने आज धुरांड्याची आठवण होते; परंतु शिवकालीन अठरा कारखान्यांतील तोफखाना, अंबरखाना वा पीलखाना हे जिन्नस सांभाळून मागणीप्रमाणे पुरविणारे विभाग होते. त्यांपैकीच एक जो दारूखाना, त्याचे नाव वडाळ्याच्या अलीकडे, रे रोडच्या बंदरपट्टीत आजही ऐकू येते. संगणकशास्त्रातील अर्थ या जुन्या अर्थाला अधिक जवळचा आहे.

या योजनेची गरज कशी उत्पन्न होते, हे बँकांच्या संदेशव्यवहारावरून स्पष्ट होईल. १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेल्या स्विफ्ट संस्थेचे जुने संदेश अंकित ओळींचे असतात. भारतीय रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस सेवा २००४ मध्ये सुरू झाली आणि १९ ऑक्टोबर २०१३ पासून तिची नवी प्रणाली आयएसओ २००२२ या प्रमाणाच्या, प्रत्येक घटकाला नाव देणाऱ्या संदेशांवर चालू लागली. परदेशी भरण्यांच्या सूचनांत मात्र मार्च २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या काळात दोन्ही घाट शेजारी शेजारी नांदत होते. म्हणजे एकाच बँकेला एकच आशय दोन भाषांत वाचणे भाग होते.

हे वाचन वाटते तितके निरुपद्रवी नाही. जुन्या संदेशातील ‘३२ए’ या ओळीत ‘२५०६१२’ हे सहा अंक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे १२ जून २०२५ असे वाचावयाचे असतात. आपल्या सवयीप्रमाणे उलट वाचल्यास २५ जून २०१२ होतो. त्यापुढील ‘१२५०००,५०’ यातील स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे. त्यास लाख-हजारांचा विभाजक समजून गाळले, तर सव्वा लाख रुपये पन्नास पैशांचे एक कोटी पंचवीस लाख पन्नास रुपये होतात. नव्या संदेशात याच जागी बिंदू असतो.

आता, ‘संदेश जुना असल्यास असे, नवा असल्यास तसे’ ही अट आज्ञावलीत जागोजाग लिहिली, तर तिसरा घाट येताच ती प्रत्येक जागा उघडून दुरुस्त करावी लागते, आणि एखादी राहून गेली की वरील घोटाळा अटळ. कारखाना-वर्ग ही निवड एकाच ठिकाणी कोंडतो. संदेशाच्या आरंभीच्या खुणा पाहून तो योग्य विग्रहक हाती देतो. रक्कम किती, चलन कोणते, दिनांक कोणता, देणारा-घेणारा कोण, या ठरावीक प्रश्नांना प्रत्येक विग्रहक उत्तर देतो. विचारणाऱ्याला घाट कळतच नाही. गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांच्या १९९४ च्या सुप्रसिद्ध ग्रंथात या रचनेचे जवळचे नातलग आढळतात. हे साधे रूप मात्र तेथे स्वतंत्र रचना म्हणून गणलेले नाही.

भाषाभ्यासकाला येथे पाणिनीच्या आदेशाची आठवण व्हावी. ‘कृत्वा’ यातील क्त्वा प्रत्ययाच्या जागी ‘प्रकृत्य’मध्ये ल्यप् येतो, ध्वनी बदलले, तरी मूळ प्रत्ययाचे कृत्त्व आदेशाकडे चालत येते. आदेश हा स्थानीप्रमाणे मानावा. अपवाद फक्त मूळच्या वर्णांवरच अवलंबून असलेल्या कार्यांचा. हा अपवादच येथे मोलाचा आहे. विग्रहक वापरणाऱ्याने परस्पर ‘३२ए’ ओळ शोधावयास आरंभ केला की त्याचे कार्य वर्णाश्रित झाले, आणि विग्रहकांची अदलाबदल संपली. १९८७ मध्ये बार्बरा लिस्कॉव्ह यांनी मांडलेले प्रतिस्थापनाचे तत्त्व याच दिशेचे आहे. साम्य मात्र ताणू नये: पाणिनीकडे स्थानी मूळ असतो व आदेश मागून येतो, येथे दोन्ही विग्रहक समान दर्जाचे असून स्थानीच्या जागी केवळ प्रश्नांचा करार असतो.

तो कराराचा भागच अवघड. जुन्या संदेशात नाव-पत्त्यासाठी पस्तीस-पस्तीस अक्षरांच्या चार ओळी असत. नव्यात रस्ता, उपनगर, शहर, देश असे निरनिराळे घटक मिळतात. ‘वडाळा पूर्व मुंबई’ या सलग ओळीतील शहर कोणते, हे वाचकाला सहज कळते. जुन्या विग्रहकाला त्यासाठी तर्कच करावा लागतो. शहर विचारल्यावर त्याने ‘वडाळा’ असे ठोकून द्यावे, की उत्तर उपलब्ध नाही असे कळवावे? पैशाच्या व्यवहारात दुसरा पर्यायच ग्राह्य होय. परंतु त्यासाठी ‘अनुपलब्ध’ हे उत्तर करारातच मान्य असावे लागते, आणि नव्या विग्रहकाच्या सुबत्तेकडे पाहून करार लिहिणाऱ्यांना नेमका त्याचाच विसर पडतो.