दुखणं एक, कारणं अनेक

आपल्या घरात दूधवाल्याचा हिशेब चुकला तर आपण महिनाभराची वही उलटून चूक शोधून काढतो. पण गुडघा दुखला, मनगट सुजलं, पोटऱ्या भरून आल्या की मात्र शोध घ्यायचं आपल्याला सुचत नाही. ‘काम फार पडलं’, ‘वात आहे’, ‘आता वय झालं’ या तीनपैकी एक वाक्य बोलायचं, बाम चोळायचा आणि पुन्हा ओट्याशी उभं राहायचं! मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत पाचजणी बसल्या तर सांधेदुखीवर सात उपाय निघतात; पण दुखतंय कशामुळे, हे कुणीच विचारत नाही. अहो, दुखणं हे रोगाचं नाव नव्हे, ती नुसती खूण आहे.

तापामागून आलेलं दुखणं

आपल्या महाराष्ट्राला याचा चांगलाच अनुभव आहे. 1973 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. मग कितीतरी वर्षं हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. 2005 च्या अखेरीस तो देशात परतला आणि 2006 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. त्या एका वर्षात देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा हा विषाणू पूर्वीच्या आशियाई जातीचा नसून आफ्रिकेकडच्या जातीचा असल्याचं कळलं. या आजाराचं नावही तिकडचंच. 1952-53 मध्ये आताच्या टांझानियात साथ आली, तेव्हा तिथल्या माकोंडे भाषेतून ते आलं. अर्थ काय, तर ‘वाकवून टाकणारा’! ज्याला तो होतो, त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

2024 च्या पावसाळ्यात पुणे परिसरात या आजाराने पुन्हा डोकं वर काढलं. यात आपल्या घरातल्या पिंपाचाही संबंध आहे बरं का. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झालं, आणि आकुर्डीतही घरोघरी पिंपं, बादल्या भरून ठेवणं आलंच. हा आजार पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि दिवसा चावतो. त्याची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात. पाणी नुसतं ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासायचं, वाळवायचं आणि घट्ट झाकायचं.

या आजारात एकाएकी जोराचा ताप येतो आणि सांधे आखडतात. काहींच्या अंगावर पुरळही उठतं. पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणू शोधणारी तपासणी करतात, त्यानंतर रक्तातल्या प्रतिपिंडांची. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन वा ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत, कारण रक्तस्रावाचा धोका असतो. ताप उतरला तरी सांधे काही आठवडे, कधी महिनोन् महिने दुखत राहतात.

ताप नव्हता, तर?

पहिल्या पाळीचा डबा करायला पहाटे उठलेल्या बाईची बोटं कणीक मळताना वळत नाहीत. डबा भरेपर्यंत ती मोकळी झाली, तर एक गोष्ट. पण तासाभरानंतरही ताठच असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजले असतील आणि असं सहा आठवडे चाललं असेल, तर संधिवाताचा संशय घ्यावा. हा आजार बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. चिकुनगुनियाचे हातही असेच दिसतात, म्हणून आधी ताप येऊन गेला होता का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

जिना चढताना दुखणारा आणि बसलं की शांत होणारा गुडघा बहुधा झिजेचा असतो. त्यावर मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं, हे मोठं औषध. सांध्यांऐवजी अंगच ठणकत असेल, खाली बसल्यावर उठताना मांड्यांत जोर राहत नसेल, तर ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. सोबत थकवा, वाढतं वजन, पाळीची अनियमितता असेल, तर थायरॉइडची. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनीही स्नायू दुखतात. मात्र त्या आपल्या मनाने बंद करू नका.

एक आठवडा वही ठेवा

हिशेबाच्या वहीत एक पान यासाठी राखा. कुठे दुखतं? एका बाजूला की दोन्हीकडे? सकाळी जास्त की कामानंतर? ताठरपणा किती वेळ? सूज आहे का? गेल्या काही महिन्यांत ताप आला होता का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? या पानामुळे डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं. मात्र एकच सांधा लाल, गरम होऊन ताप आला, किंवा हातापायातली शक्ती गेली, तर वही भरत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि नाव नसलेल्या पुड्या? त्यांनी दुसऱ्या दिवशी चमत्कार वाटतो, कारण काहींत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्याने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. रोज मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही जठराला व मूत्रपिंडाला बाधतात. दुखणं दबतं, पण कारण आत तसंच काम करत राहतं.

घरातल्या प्रत्येकाच्या खोकल्याची आपण चौकशी करतो. आता तीच चौकशी आपल्या गुडघ्याची, मनगटाची करू या. सोसण्यापेक्षा शोधणं केव्हाही स्वस्त पडतं!